यंदा खड्डे खणू नका, पावसाची बाटली लावा

पत्र: मी माण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पाचवीला शिकवते. दर जुलैला वृक्षारोपण होतं, फोटो काढून अपलोड करायचे, आणि पुढच्या जुलैला बहुतेक त्याच खड्ड्यांत परत नवीन रोपं. मागच्या वर्षी एका मुलानं विचारलं, "बाई, आपण लावलेलं झाड कुठंय?" मला काही सांगता आलं नाही. मुलांकडून पर्यावरणाचं खरोखर हातानं काहीतरी करून घ्यायचंय, पण तासिका पस्तीस मिनिटांची, सिलॅबस मोठा, पैसे नाहीत, मला स्वतःला पक्षी-झाडं फार ओळखता येत नाहीत आणि काही पालक म्हणतात मातीत खेळायलाच पाठवायचं तर शाळा कशाला. सुरुवात कुठून करू?

उत्तर:

ताई, त्या मुलाला उत्तर देता आलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका, कारण त्याचा प्रश्न हाच तुमच्या वर्षाचा पहिला प्रोजेक्ट आहे. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात वर्ग घेऊन त्या खड्ड्यांपाशी जा आणि मागच्या वर्षीच्या रोपांचा पंचनामा करा. पंचनामा म्हणजे काय ते तुमच्याकडच्या पोरांना समजावून सांगावं लागणार नाही, पिकाचे पंचनामे त्यांनी बघितलेत. किती रोपं होती, किती जगली, मेली ती कशानं मेली? शेळीनं शेंडा खाल्ला का, खड्डा वीतभरच होता आणि खाली मुरूम लागला का, रोप कसलं होतं, पाणी कोण घालत होतं आणि कधीपर्यंत? मुलं शिपाईमामांना विचारतील, शेजारच्या घरच्या आजीला विचारतील, आणि माझा अंदाज आहे की बऱ्याच रोपांच्या बाबतीत उत्तर एकच येईल, मे महिना. जुलैत लावलेलं रोप दिवाळीपर्यंत पावसाच्या ओलीवर तगतं, उन्हाळ्यात मुलं पाणी घालतात, आणि नेमक्या सगळ्यात कडक उन्हात दीड महिना शाळेला कुलूप. वृक्षारोपणाच्या दिवशी मे महिन्यात पाणी कोण घालणार हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून झाडं मरतात. हे उत्तर पाचवीच्या मुलांनी स्वतः शोधून काढलं तर ते त्यांच्या कायमचं लक्षात राहील, पुस्तकातल्या 'झाडे लावा'चं तसं होत नाही.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की यंदा तुमच्या वर्गापुरतं तरी जुलैचं वृक्षारोपण सोडा. वरून आदेश आला तर शाळेचं होऊ द्या, त्याला विरोध करून तुम्हाला त्रास करून घ्यायचं कारण नाही, पण तुमच्या मुलांची मेहनत त्यात घालू नका. त्याऐवजी एक गोष्ट धरा आणि ती वर्षभर सोडू नका. शाळांमधलं पर्यावरण शिक्षण फसतं ते बहुतेक याच ठिकाणी, आज पोस्टर, उद्या रॅली, परवा घोषवाक्य, आणि ५ जूनचा पर्यावरण दिन तर आपल्याकडे सुट्टीतच येतो. मुलांच्या हातात धरून ठेवण्यासारखं काही उरतच नाही. एकच गोष्ट रोज किंवा दर आठवड्याला मोजली, लिहिली, मागच्या नोंदीशी ताडून बघितली की मूल आपोआप प्रश्न विचारायला लागतं.

तुमच्या गावासाठी ती गोष्ट कुठली म्हणाल तर मी पाऊस निवडीन. माणदेशात पावसाइतका मोठा विषय दुसरा नाही आणि प्रत्येक घरात त्याच्यावर रोज बोलणं होतंच.

पर्जन्यमापक विकत आणायची गरज नाही. दोन लिटरची सरळ उभ्या बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्या, जिथून ती वर निमुळती व्हायला लागते तिथे कापा, कापलेला वरचा भाग उलटा करून खालच्या भागात नरसाळ्यासारखा बसवा. बाटलीचा तळ खळगे-उंचवटे असलेला असतो म्हणून तळात थोडे खडे टाकून ते बुडतील आणि बाजू सरळ होतील तिथपर्यंत पाणी भरायचं आणि त्या पातळीला शून्याची खूण करायची. तिथून वर पट्टीनं मिलिमीटरच्या खुणा, झालं. नरसाळं त्याच बाटलीचं असल्यामुळे तोंड आणि बाटली एकाच मापाची असते, म्हणून पाण्याची उंची हाच पाऊस, वेगळं गणित लागत नाही. बाटली मोकळ्या जागेत, झाडापासून भिंतीपासून लांब, वाऱ्यानं पडू नये म्हणून चार विटांमध्ये उभी करा. रोज सकाळी साडेआठला वाचायची, हवामान खातंसुद्धा दिवसाचा पाऊस साडेआठ ते साडेआठच धरतं. शाळा दहाला भरत असेल तर शाळेजवळ राहणाऱ्या मुलांची पाळी लावा, रविवारीही, पोरं आनंदानं करतात. वाचून झालं की पाणी परत शून्याच्या खुणेवर आणायचं, हे मात्र विसरायचं नाही.

आता यातून काय काय निघतं ते बघा. हवामान खात्याच्या हिशेबात अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस. आपल्या गावात जूनमध्ये असे किती दिवस आले? एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. मग शाळेचं छप्पर टेपनं मोजा, समजा वीस मीटर बाय सहा मीटर निघालं तर एकशेवीस चौरस मीटर, आणि दहा मिलिमीटरच्या एका सरीत त्या छपरावर बाराशे लिटर पाणी पडलं. थोडं उडतं, थोडं मुरतं, तरी हजाराच्या आसपास. हे सगळं कुठं गेलं? असं विचारलं की मुलं पावसात बाहेर पळतील आणि पाणी कुठून कसं वाहतं ते बघून येतील, पळू द्या. पत्र्यावरून पडणारं पाणी गेटबाहेरच्या ओढ्यात जातं हे बघितलेलं मूल पागोळीखाली टाकी ठेवा असं स्वतः म्हणेल, आणि ग्रामपंचायतीला पत्र लिहायचं असेल तर मराठीचा पत्रलेखनाचा तास तिथेच झाला. सरासरी, दशांश, स्तंभालेख हे गणितात आहेच.

अजून एक, आणि हे पालकांसाठी. तुमच्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माणला त्याचा जेमतेम दहावा भाग. पेपरात महाबळेश्वरचा आकडा रोज येतो. वर्गातल्या फळ्यावर एका बाजूला महाबळेश्वर, दुसऱ्या बाजूला आपलं गाव असे आकडे रोज लिहायला लागा, पर्जन्यछाया म्हणजे काय हे समजवायला नकाशापेक्षा हे जास्त उपयोगी पडेल. आणि महसूल मंडळात चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, नुकसानभरपाईची चर्चा त्यावर चालते, हे तर प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असतं. मंडळाचं यंत्र पाच-सात किलोमीटर लांब असतं आणि पाऊस आपल्या शिवारात पडला तिकडे नाही असं होतं. अशा वेळी शाळेची नोंद सरकारी कागद म्हणून चालणार नाही हे मुलांना आणि पालकांना स्पष्ट सांगा, पण आपल्या गावात काल किती पडला हे गावात फक्त पाचवीच्या पोरांना माहीत आहे ही गोष्ट गावाला कळली की मातीत खेळण्याबद्दलची तक्रार बरीच कमी होईल. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी एक ओळ टाका, आजचा पाऊस इतका, मोजणार अमुक आणि तमुक, फक्त पहिलं नाव. आईबाप ती ओळ वाचतात, मी खात्रीनं सांगते.

पावसाबरोबर विहीर जोडा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा तिच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेते, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. तुम्ही तेच महिने धरा. गावातली कठडा असलेली एक विहीर निवडा, दोरीला दगड बांधून माप तुम्ही किंवा विहिरीच्या मालकानं घ्यायचं, मुलं लांब उभी राहून लिहिणार, याला अपवाद नको. चार आकड्यांचा ग्राफ भिंतीवर लागला की टँकर एप्रिलमध्ये का येतो हे कुणी समजवायला लागत नाही. आणि मे महिन्याची नोंद सुट्टीत येते, ती कोण घेणार ते मार्चमध्येच ठरवून ठेवा.

वेळ मिळाला तर ए-फ्रेम जरूर करा, म्हणजे उतारावर एकाच पातळीतल्या जागा शोधायची A अक्षरासारखी चौकट. दोन सारख्या उंचीच्या काठ्या वर बांधायच्या, मध्ये आडवी काठी, वरून दोरीला दगड लोंबता. ती जमिनीवर उभी करून दोरी आडव्या काठीवर कुठं येते तिथे खूण करायची, मग पायांची अदलाबदल करून त्याच दोन ठिकाणी परत उभी करायची आणि दुसरी खूण, दोन्ही खुणांचा मध्य म्हणजे सपाटी. मग ती घेऊन उतारावर चालत गेलं की समतल रेषा सापडते. तुमच्या तालुक्यात पाणलोटाची कामं खूप झालीत, गावोगाव लोकांनी डोंगरावर सलग समतल चर, म्हणजे पाणी अडवायला एकाच पातळीत खणलेले लांब चर, खणलेत, कित्येक मुलांचे आईबाप त्या श्रमदानात होते. त्यांच्यातल्याच एखाद्याला शाळेत बोलवा आणि शिकवायला लावा. जो बाप शाळेत येऊन मुलांना चराची आखणी शिकवतो तो परत मातीवरून तक्रार करत नाही, आणि समद्विभुज त्रिकोण शिकवायला याच्यापेक्षा चांगलं साधन मला तरी माहीत नाही.

झाडं-पक्षी ओळखता येत नाहीत म्हणता, त्याचं टेन्शन घेऊ नका. शाळेच्या आवारात किंवा रस्त्यावर आहे तेच एक मोठं झाड घ्या, कडुनिंब असेल, बाभूळ असेल, पिंपळ असेल. आठवड्यातून एकदा ठरल्या दिवशी त्याच झाडापाशी जायचं आणि एवढंच लिहायचं, नवी पालवी, जून पानं, कळ्या, फुलं, कच्ची फळं, पिकली फळं, यातलं प्रत्येक नाही, थोडं की भरपूर. सीझनवॉच नावाचा देशभर चालणारा उपक्रम याच पद्धतीनं झाडांच्या नोंदी घेतो आणि त्यात शाळांची मुलं मोठ्या संख्येनं आहेत, तुम्हीही सामील होऊ शकता, पण नाही झालात तरी रजिस्टर पुरतं. दहा मिनिटांचं काम आहे, पस्तीस मिनिटांच्या तासिकेत आरामात बसतं. वर्ष संपता संपता मुलं सांगतील की गुढीपाडव्याच्या सुमाराला कडुनिंब कसा मोहरतो, झाडावर कोण कोण येतं, कुणाचं घरटं आहे. पक्ष्याचं नाव येत नसेल तर मुलांनीच नाव ठेवू दे, शेपूट हलवणारा, टोपीवाला, काहीही, चित्र काढू दे आणि एखाद्या मेंढपाळ आजोबांना दाखवू दे. माळावर आयुष्य काढलेल्या माणसाला जे माहीत असतं ते आपल्याला डी.एड.ला कुणी शिकवलेलं नसतं. मुलासमोर 'मला माहीत नाही, शोधू या' म्हणणाऱ्या बाईंकडून मूल जास्त शिकतं असं माझं ठाम मत आहे.

रुईच्या झाडाचं मात्र आवर्जून करा कारण माणमध्ये रुई सगळीकडे आहे आणि फुकट आहे. पावसाळ्यात पानं उलटून बघितली तर काळे-पांढरे पट्टे आणि पिवळे ठिपके असलेल्या अळ्या सापडतात, त्या प्लेन टायगर फुलपाखराच्या. रुईचा चीक विषारी असतो, ती अळी तोच पाला खाते आणि ते विष अंगात साठवते म्हणून पक्षी तिच्या वाट्याला जात नाहीत. अंडं ते फुलपाखरू हा प्रवास तीन-चार आठवड्यांत होतो, मुलांना रोज जाऊन बघता येतो. अळी वर्गात बरणीत आणू नका, झाडावरच बघू द्या. आणि चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते, म्हणून पानं तोडायची नाहीत, हात लागला तर लगेच साबणानं धुवायचा, हे बाहेर पडण्यापूर्वी दोनदा सांगा. शाळेत कढीपत्ता किंवा लिंबू असेल तर त्यावर दुसऱ्या अळ्या मिळतील, लहान असताना हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात आणि डिवचलं की डोक्यामागून शिंगं बाहेर काढतात. मुलं वेडी होतात बघून.

सुरक्षेबद्दल थोडं कडक बोलते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारही तुमच्या भागात असू शकतात, तेव्हा दगडाखाली हात घालायचा नाही, बुटांशिवाय गवतात जायचं नाही, मोहोळाखाली थांबायचं नाही. जवळच्या ज्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशावरचं प्रतिविष असतं त्याचं नाव आणि फोन तुमच्याकडे लिहिलेला हवा. कचऱ्याचं काम घेणार असाल, म्हणजे पोषण आहारात रोज किती अन्न उरतं ते वजन करणं किंवा मैदानातली पाच रुपयांच्या खाऊची पाकिटं मोजणं, तर हातमोजे द्या, काच आणि सुया मुलांनी उचलायच्या नाहीत. आणि कृपा करून कचरा उचलणं कधीही शिक्षा म्हणून देऊ नका. उशिरा आला म्हणून मैदान झाडायला लावलेल्या मुलाच्या मनात स्वच्छतेबद्दल काय बसतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

आता सिलॅबस आणि साहेब. पर्यावरण शाळेत शिकवलंच पाहिजे असं सुप्रीम कोर्टानं पर्यावरणासाठी लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ सालीच सांगितलं, २००३ साली परत बजावलं, त्यामुळे हे तुमचं जादा काम आहे असं कुणी म्हणू शकत नाही. पाचवीला परिसर अभ्यास आहेच, पाणी, हवामान, सजीव, नकाशा सगळं त्यात येतं. तेव्हा वेगळा तास मागू नका, त्या त्या धड्याच्या आधी ते ते काम करून घ्या आणि टाचण वहीत अध्ययन निष्पत्तीच्या समोर लिहून ठेवा. केंद्रप्रमुख आले की रजिस्टर दाखवायचं आणि बोलायला मुलांना पुढे करायचं. तुमच्या शाळेत सहावीच्या पुढचे वर्ग असतील तर २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना आहेत, त्या शिक्षकांना विहीर आणि ए-फ्रेम देऊन टाका, मोठ्या मुलांना ते जास्त चांगलं जमेल. कामातून शिकणं आपल्या मातीत नवीन नाही. वर्ध्याची नई तालीम, म्हणजे हातानं काम करत शिकायची गांधीजींची पद्धत, १९३७ सालची. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, तिथली मुलं गावाला उपयोगी पडणारी कामं करत करतच विज्ञान शिकतात. मुख्याध्यापक कुरकुरले तर पाबळचं उदाहरण सांगा, एखादी भेट ठरवता आली तर उत्तमच.

झाडं लावायचीच नाहीत असं नाही हं. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा असतो. निंबोळी फार दिवस टिकत नाही, जुनी झाली की उगवत नाही, म्हणून त्याच आठवड्यात मुलांनी गोळा करून, गर धुऊन, दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत पेरायच्या. वर्षभर ती रोपं वर्गाची. पुढच्या पावसाळ्यात त्यातली मोजकी, फार तर दहा लावा, तीही ज्या मुलाचं घर शंभर पावलांवर आहे त्याच्या नजरेसमोर, काट्यांचं कुंपण करून, शेजारी तळाला बारीक भोक पाडून त्यात वात घातलेलं मडकं पुरून. मडकं एकदा भरलं की पाणी हळूहळू मुळाशी झिरपत राहतं, रोज बादली न्यावी लागत नाही, आणि मे महिन्याचा प्रश्न बराचसा सुटतो. गुलमोहर, सुबाभूळ, नीलगिरी मिळाली तरी घेऊ नका, एक मादागास्करचं, दुसरं मेक्सिकोकडचं, तिसरं ऑस्ट्रेलियाचं, तुमच्या माळाला बोर, बाभूळ, हिवर, कडुनिंब, करंज हेच शोभतात आणि तगतात.

शेवटचं म्हणजे बदली. तुमची आज ना उद्या होणार आणि तुमच्याबरोबर हे सगळं थांबणार, जिल्हा परिषदेच्या शाळांत कित्येक चांगल्या गोष्टी अशाच थांबल्यात. म्हणून रजिस्टर तुमच्या नावाचं ठेवू नका, शाळेच्या नावाचं, कपाटात बाकीच्या दप्तराबरोबर. मार्च-एप्रिलमध्ये पाचवीच्या मुलांनी चौथीच्या मुलांना बाटली कशी वाचायची, झाडाची नोंद कशी करायची हे शिकवायचं, तुम्ही मध्ये बोलायचं नाही. एक प्रत ग्रामपंचायतीला द्या, जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी, तुमच्या गावची नोंदवही नुसतीच कागदावर असेल तर मुलांच्या झाडा-पाखरांच्या नोंदींनी ती भरायला सुरुवात होईल.

आणि हो, बाटली आत्ता सुट्टीतच कापून खुणा करून ठेवा, वळवाचा एखादा पाऊस मिळाला तर शाळा उघडायच्या आधी एक-दोन वेळा वाचून बघता येईल. तुमच्याकडचा खरा पाऊस सप्टेंबरात असतो, जुलै कोरडा गेला तर मुलं कंटाळतील, तेव्हा शून्य हीसुद्धा नोंद असते हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगा आणि शून्य रोज लिहायला लावा.